बसस्टँडसमोरची भिंत

त्या दोन वर्षांत बाबा जेवायला बसला की माय भांडी घासायला काढायची. घासलेली असली तरी काढायची. बाबा कोठीच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून बसायचा, तोंडावरचा दुपट्टा सोडून मांडीवर ठेवायचा आणि ज्वारीच्या कण्या चमच्यानं घशाकडे ढकलायचा. त्याला वरचा ओठ राहिला नव्हता, नाक अर्धंच होतं, त्यामुळं प्रत्येक घासाला ओढल्यासारखा, बुडबुडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज माझ्या कानावर पडू नये, आणि पडतो आहे हे बाबाला कळू नये, म्हणून माय राखेनं पातेली खरवडत राहायची. कण्या ती लाकडी चाटूनं इतका वेळ घोटायची की शेवटी त्यात दाणा शोधून सापडायचा नाही. वर ताक, चिमूटभर मीठ. तिखट फाटलेल्या हिरड्यांना झोंबायचं. ज्या माणसाला ठेच्याशिवाय भाकर गोड लागत नसे, त्याच्या घरात माय आता मिरची कुटत नसे. कुटायचीच झाली तर शेजारी सुभाषकाकाच्या अंगणात जाऊन कुटायची, वाससुद्धा नको म्हणून.

आमचं गाव अमडापूरच्या बाजाराचं, पण त्याची पाठ जंगलाला टेकलेली. दिवाळीच्या आगंमागं सीताफळांचे डोळे उघडतात, तेव्हा निम्मं गाव पहाटे पोती घेऊन डोंगरात शिरायचं. अस्वलालाही तेच फळ हवं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी सगळे जायचे. बाबा त्या सकाळी सुभाषकाकासोबत गेला आणि घोंगडीच्या झोळीत परत आला. मायनं मला पाहू दिलं नाही. मी पाहिलं ते फक्त त्याचं पोतं. अर्धं भरलेलं, आणि सगळी सीताफळं लाल. आधी बुलडाण्याला नेलं, मग अकोल्याला. तीन महिने. एक डोळा गेला, गाल शिवला, जबडा तारेनं बांधला. पुढचं मोठ्या शहरात करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबानं माझ्या वहीच्या पाठीमागं लिहून दिलं : आता घरी न्या. घरी आला तो दुपट्टा बांधूनच. ती दोन वर्षं तो दुपट्टा मायखेरीज कुणासमोर सुटला नाही. माझ्यासमोरही नाही.

त्याआधी आमचं घर आवाजाचं होतं. बाबा आमच्या वस्तीच्या गायन पार्टीचा म्होरक्या. जयंतीच्या महिनाभर आधीपासून आमच्या ओसरीत पेटी वाजायची, ढोलकीला ऊन दाखवलं जायचं, माय पातेलंभर चहा करायची. बाबा डोळे मिटून भीमगीत उचलायचा आणि पहिला शब्द इतका लांबवायचा की ढोलकीवाला हसत हात वर धरून बसायचा. हे सगळं गेलं, पण ते कसं गेलं हे मला उशिरा कळलं. एकदा दुपारी मी घरामागं गौऱ्या आणायला गेले, तर बाबा कुडाकडे तोंड करून एकटाच काहीतरी म्हणत होता. पुन्हा पुन्हा तेच. 'ही... ही...' मला आधी वाटलं तो रडतो आहे. मग कळलं, तो 'भीम' म्हणायचा प्रयत्न करत होता. भ, ब, म, प, ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि त्याच्याजवळ मिटायला ओठ नव्हता. रस्त्यात कुणी 'जय भीम, प्रल्हादभाऊ' म्हटलं की तो नुसता हात वर करायचा. माझं नाव प्रमिला, घरात पमी. तेही त्याला म्हणता येईना. मला बोलवायचं असलं की तो तांब्यावर नखानं टकटक करायचा. मी गौऱ्या तिथंच ठेवून पाय न वाजवता परत फिरले. यापुढं त्याचं जे बोलणं येईल, ते मी अक्षरं भरून लिहिते आहे. तो बोलायचा तसं लिहायला माझा हात धजत नाही.

अकरावीला मी बुलडाण्याला मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले. खरं सांगायचं तर पळून गेले. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेची बस पकडायची, आणि मधल्या दिवसांत ते भांडी खरवडणं कानावर नको, एवढंच मला हवं होतं. तिथं रुबिना शेख मॅडम भेटल्या. त्यांच्या वडिलांचा बुलडाण्यातच फोटो स्टुडिओ होता, त्या स्वतः मोठ्या वर्तमानपत्रांसाठी फोटो काढून परत आलेल्या. त्या हिवाळ्यात बुलडाणा शहरात फोटोंचा महोत्सव भरणार होता, विषय होता जंगल आणि माणूस. बाहेरगावचे नावाजलेले लोक येणार होते, आणि जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी एक वेगळा विभाग होता. मॅडमनी आमच्या कॉलेजात पंधरा दिवस शिकवलं आणि आम्हां सहा जणींना एकेक छोटा डिजिटल कॅमेरा घरी न्यायला दिला. "फोटो सुंदर नको," त्या म्हणाल्या. "सुंदर कुणीही काढतं. जे तुमच्याच घरात आहे आणि बाकी कुणालाच दिसत नाही, ते आणा."

माझ्या घरात काय आहे ते मला माहीत होतं.

रविवारची सकाळ होती. माय हरभऱ्याच्या शेतात खुडायला गेलेली. बाबाला वाटलं मी झोपले आहे. त्यानं दुपट्टा खुंटीला लावला आणि अंगणात दगडावर बसून तोंड धुवायला घेतलं. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी किंचाळले नाही, मला रडूही आलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं. ऊन बाजूनं येत होतं. ओंजळीतलं पाणी त्या तोंडात राहत नव्हतं, धार लागून छातीवर सांडत होतं, आणि पाठीमागं आमचा डोंगर निळा उभा होता. तेवढ्यात त्यानं मान वर करून डोंगराकडे पाहिलं, एका डोळ्यानं. मी बटण दाबलं. नंतर अंथरुणात तोंड खुपसून पडून राहिले, तर त्यानं तांब्यावर टकटक केली. चहा करून ठेवला होता माझ्यासाठी. दुपट्टा घट्ट बांधलेला होता.

मॅडमनी तो फोटो पाहिला, कॅमेरा उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिला. मग विचारलं, "वडील आहेत?"

"हो."

"त्यांना विचारलंस ना? पमी, नीट सांग. त्यांना माहीत आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच काढायला सांगितला."

त्यांनी संमतीपत्राचा कागद दिला आणि मी तो वसतिगृहाच्या खाटेवर बसून भरला. बाबा दवाखान्यात होता तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर त्याची सही मीच करायचे, त्यामुळं हात बसलेला होता. का केलं, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वर्षं एकच देत आले : मोठमोठे लोक येतील, त्यांत डॉक्टर असतील, कुणीतरी विचारील हा माणूस कोण, आणि बाबाचं तोंड नीट होईल. हे खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. बाकीचं अर्धं असं की मॅडमच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं, ते माझ्यासाठी कुणाच्याच चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. माझी मुलगी आता पाचवीत आहे. तिच्या कौतुकात मी कधी हात आखडता घेत नाही. भुकेलं लेकरू काय करून बसेल ते सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, एखाद्या हॉलमध्ये वहीएवढ्या फोटोंच्या रांगेत तो लागेल. आमच्या गावचं कोण कशाला हॉलमध्ये जातं! महोत्सवाच्या पहिल्या सकाळी मी मैत्रिणींसोबत बसस्टँडकडे आले आणि पाय जागीच थांबले. स्टँडसमोरच्या लांब भिंतीवर मोठमोठी फ्लेक्स ताणली होती : वणवा, आटलेलं धरण, मोळी घेऊन चाललेल्या बाया, दोरीत अडकलेलं हरीण. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, दोन माणसांच्या उंचीचा माझा बाबा. प्रत्येक टाका हाताएवढा दिसत होता. खाली माझं नाव, गावाचं नाव. आणि पहिलं बक्षीस; आधी नुसतं बक्षीस आहे एवढंच कळलं होतं. मी आता काहीही लिहू शकते, पण खरं ते लिहिते : त्या क्षणी मला आधी आनंद झाला. मनात लाडू फुटावा तसा. भीती नंतर आली, जेव्हा कॉलेजच्या दोन पोरांनी त्याच्यासमोर उभं राहून ओठ दुमडून तोंडं वाकडी केली आणि तिसऱ्यानं मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. आणि मग आठवलं की मी मायला बोलावलं होतं. बक्षीस आहे, हॉलमध्ये ये, एवढंच फोनवर सांगितलं होतं. छोट्या फोटोंच्या रांगेपासून तिला लांब बसवीन, असा माझा हिशेब होता. तिला परस्पर मागच्या रस्त्यानं न्यायचं मी तिथल्या तिथं ठरवलं. पण मी पोचायच्या आधीच अमडापूरची बस फलाटाला लागलेली होती.

माय ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. हातात पितळी डबा. उतरताना ती हसतच होती, बाजूच्या बाईला काहीतरी सांगत होती, बहुतेक माझंच. मग तिनं समोर पाहिलं. मी धावत तिच्याजवळ गेले तर मला ओळखलंच नसल्यासारखी ती माझ्या बाजूनं निघून गेली. रस्ता ओलांडला. रिक्षावाला ओरडला, तिला ऐकू गेलं नाही. भिंतीशी जाऊन तिनं डबा खाली ठेवला, खांद्यावरचा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी वर धरला, झाकायला. तो बाबाच्या हनुवटीपर्यंतही पोचेना. ती टाचा उंचावून उभी राहिली. लोक जमले. एक बाई म्हणाली, "याड लागलं का हिले?" माय ओरडली, "माह्या मालकाचं तोंड हाये हे! कोनं लावलं? काढा खाली! काढा!"

मी तिचा हात धरला. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोटोखालचं माझं नाव वाचलं. तिला वाचता येत होतं, रात्रीच्या शाळेत बाबानंच शिकवलं होतं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू पाह्यलं थे? तुले पाहू देलं त्यानं?"

मी मान हलवली. नाही.

रुबिना मॅडम धावत आल्या, मायला धरून मागच्या मंडपात घेऊन गेल्या. तिथं महोत्सवाचे प्रमुख बसले होते. बाहेरगावचे, पिकल्या दाढीचे, आवाज चढवत नव्हते. मायनं त्यांच्या पायाशी बसून तेच सांगितलं, काढा, त्याईले ठाऊक बी नाई. ते म्हणाले, "ताई, मी समजू शकतो. पण संमती आहे, हे बघा." आणि फाईलमधून माझा कागद काढला. माय कागदाकडे पाहत राहिली. मॅडम माझ्याकडे. त्यांना त्या क्षणी कळलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण त्या काही बोलायच्या आत बाहेर मोटरसायकल थांबली.

कुणीतरी तो फोटो मोबाईलवर गावात पोचवला होता. सुभाषकाकाच्या गाडीवर मागं बसून बाबा आला होता. दोन वर्षांत वेशीबाहेर पाऊल न टाकलेला माणूस भर बाजारातून, भिंतीसमोरून आला होता. दुपट्टा नाकावरून गुंडाळलेला, एकच डोळा उघडा. तो मंडपात आला. एक मुलगी उठून बाहेर गेली.

"काढता येते का जी?" बाबानं विचारलं. हे त्याला म्हणता आलं.

प्रमुख उभे राहिले, हात जोडले. "दादा, तुमच्या संमतीनंच लावलाय. आठ दिवसांचा प्रश्न आहे. पेपरात छापून आलंय, उद्या मोठे पाहुणे आहेत. आता काढला तर लोक विचारतील काय झालं." मग त्यांनी मायकडे पाहून कागद पुढं केला. "यांचं म्हणणं आहे, तुम्हाला माहीतच नव्हतं. तसं असेल तर आत्ता उतरवतो, या क्षणी. पण मग ही सही खोटी ठरते. प्रकरण साधं नाही ते. बक्षीस रद्द होईल, कॉलेजला कळवावं लागेल, कदाचित पोलिसांतही जावं लागेल. मला तुमच्या तोंडून हवंय. ही सही तुमची आहे का?"

बाबानं कागद हातात घेतला. डोळ्याजवळ नेला. मायचा डबा मी भिंतीपासून उचलून आणला होता, तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. बोल, मी स्वतःला म्हणत होते, आता बोल, मी केली म्हण. म्हटलं नाही. एक शब्द पुरे होता. बाबानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मग कागद परत दिला.

"हाव," तो म्हणाला.

माय म्हणाली, "अवो, काऊन खोटं बोलून राह्यले तुमी!" त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाला, "हाव." आणि सुभाषकाकाला चल म्हणून खूण केली.

फोटो आठ दिवस राहिला. मी बक्षीस घ्यायला गेले नाही. मॅडम वसतिगृहावर बक्षिसाच्या कॅमेऱ्याचं खोकं घेऊन आल्या, ते मी घेतलं नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. कॉलेजला जायचा दुसरा रस्ता होता, पण मी रोज भिंतीसमोरूनच गेले. मला ती शिक्षा हवी होती. एक म्हातारी रोज तिथं हात जोडायची. एक आई लेकराला उचलून दाखवत होती, हट्ट करशील तर असं होतं. डॉक्टर एकही आला नाही. आमच्या गावी एक पत्रकार तेवढा गेला. दुपट्टा काढून उभे राहा म्हणाला. मायनं त्याच्या अंगावर शेणाचं पाणी फेकलं. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगला. तोंड होतं तसंच राहिलं आणि गाणं परत आलं नाही. हे आताच सांगून टाकते, कुणी वाचताना आशा लावून बसू नये म्हणून.

नवव्या दिवशी मजूर फ्लेक्स उतरवत होते. चहाच्या टपरीवाल्याला शेडसाठी बाबाचं कापड हवं होतं, मोठं म्हणून. मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. मॅडम आल्या, गुंडाळायला हात लावला. त्या म्हणाल्या, "मला तेव्हा खरं सांगायला हवं होतंस, पमी."

"सांगितलं असतं तर लावला नसता तुम्ही?"

त्यांनी दोरीची गाठ मारली. "माहीत नाही," म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून मी त्यांना कधी विसरले नाही.

ते भेंडोळं बसच्या टपावर टाकून मी घरी आणलं. माय माझ्याशी बोलत नव्हती. भेंडोळ्याकडे पाहून ती बाबाला म्हणाली, "रॉकेल टाकून पेटवून द्या." बाबानं कापडाची कड चिमटीत धरून पाहिली. "जाळू नको," तो म्हणाला. "जाड हाये. कामात येईन." बकऱ्यांच्या खोपटावरचं पाचट वाऱ्यानं उडालं होतं. त्यानं एकट्यानं वर चढून ते कापड अंथरलं, छापलेली बाजू खाली करून, आणि कडांना दगड ठेवले. बाहेरून नुसतं पांढरं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बकऱ्यांना पाणी घेऊन गेले. बाबा आत जमिनीवर उताणा पडला होता, उशाला पेंढी. दुपट्टा बाजूला पडलेला. तो वर, त्या मोठ्या तोंडाकडे पाहत होता. मी दारातच थांबले. मला वाटलं तो पटकन दुपट्टा ओढेल. त्यानं ओढला नाही.

"बाबा," मी म्हणाले, "ती सही..."

"तुह्या 'ल्हा'चं शेपूट उलटं वळते," तो म्हणाला. "प्रगतिपुस्तकावर बी तसंच व्हतं."

मी बादली खाली ठेवली. पाणी सांडलं. मला रडू फुटलं ते आवरेना. बकऱ्या बुजून कोपऱ्यात गेल्या. त्यानं मला जवळ बोलावलं नाही, गप्पही केलं नाही. रडू दिलं. बऱ्याच वेळानं, वर पाहतच तो बोलायला लागला, हळूहळू, एकेक शब्द घशातून काढत.

"त्या अस्वलीच्या पाठीवर दोन पिल्लं व्हती, पमे. सुभाषले नाई दिसली. मले दिसली. म्या कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं, तं गाव कुऱ्हाडी घेऊन गेलं असतं त्याईच्या मागं."

मी दारातून आत आले.

"म्या झाडाखालून एकदम उठलो. तिले वाटलं म्या पिल्लाईवर आलो. थे भ्याली व्हती. माह्याइतकीच भ्याली व्हती."

मग तो उठला, दुपट्टा झटकून तोंडाला गुंडाळला, आणि बकऱ्यांची दावी सोडायला लागला.